शिव्यांसाठी घेतलेला लॅपटॉप

आमच्या साडूंनी ज्याला एकदाही शिवी दिलेली नाही, असा माणूस धुळ्यात एक तर अजून जन्माला आलेला नाही, किंवा साडूंच्या मनातून तो कायमचा उतरलेला आहे. तिसरी शक्यता नाही. जगातले सगळे लोक आवडत्या माणसाशी गोड बोलतात आणि नावडत्याला शिव्या घालतात. आमच्या साडूंनी हा व्यवहार पहिल्यापासून उलटा मांडला. बँकेतल्या एका साहेबांना ते पंधरा वर्षं 'आपण' म्हणत आले. 'आपण बसावं, आपण पाणी घ्यावं.' साहेब खूश व्हायचे, आणि त्यांची पाठ वळली की अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची बायको, माझ्या कानात सांगायची, "या माणसाचं यांच्यापुढे काही खरं नाही." लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या धुळ्याच्या देवपुरातल्या घरी गेलो. नवी पँट, हातात पेढ्यांचा पुडा. दारातच साडूंनी मला वरून खाली पाहिलं आणि गरजले, "ये रे, बुरशी आलेल्या लोणच्या!" मी उंबऱ्यावरच थिजलो. पुडा हातातून सुटायचा राहिला. आत स्वयंपाकघरात मात्र दोघी बहिणींनी टाळी दिल्याचा आवाज आला आणि माझी बायको म्हणाली, "चला, नानांनी पसंत केलं!"

मी त्यांना नानाच म्हणतो. वयाने ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात एका व्यापाऱ्याकडे त्यांनी पस्तीस वर्षं पारखी म्हणून काम केलं. मिरचीच्या ढिगापुढे उकिडवं बसायचं, मूठभर मिरची उचलायची, डोळे मिटून नाकाशी धरायची आणि माल कुठल्या शिवारातला, किती उन्हात वाळला, वजन वाढवायला कुणी पाणी मारलं, हे सांगायचं. निवृत्त झाल्यावर मिरची सुटली, वास घ्यायची सवय सुटली नाही. वर्तमानपत्राचा वास घेतल्याशिवाय त्यातल्या बातमीवर ते विश्वास ठेवत नसत. एकदा पुतणीला बघायला एक स्थळ आलं. मुलगा सांगत होता, नोकरी सांभाळून घरची शेतीही मीच पाहतो. नानांनी त्याला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, त्याच्या कॉलरचा एक दीर्घ वास घेतला आणि भर बैठकीत जाहीर केलं, "हाऊ पोऱ्या वावरमा जास नही." कांदेपोह्यांच्या बशा जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पुढे चौकशी केली तर खरंच, त्या मुलाने शेताचा बांध चार वर्षांत पाहिला नव्हता.

मिरचीचा त्यांच्यावर आणखी एक परिणाम झाला. उजवा हात मिरचीचा, म्हणून त्या हाताने ते डोळ्याला, पोराबाळांना आणि यंत्राला शिवत नाहीत. निवृत्तीला कितीतरी वर्षं झाली, तरी हा नियम कायम. त्यामुळे कॉम्प्युटरवर ते डाव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करतात आणि उजवा हात तेवढा वेळ पाठीमागे धरून ठेवतात, शाळेत अंगठे धरायची शिक्षा अर्धीच मिळाल्यासारखा.

टाइप काय करायचे, तर शिव्या. हे मी सभ्य वाचकांना सांगू की नको, या विचारात बरीच वर्षं गप्प राहिलो. मिरची बाजारात मिरचीचे देठ खुडायला बायका बसायच्या. आसपासच्या गावांतून आलेल्या, नाकातोंडाला पदर बांधलेल्या. त्यांची तोंडं बांधलेली असूनही चालू असायची, आणि त्या अहिराणीत ज्या शिव्या एकमेकींना, मुकादमाला, नवऱ्यांना आणि देवाला द्यायच्या, त्या ऐकून नाना पहिल्याच वर्षी हरखून गेले होते. अश्लील नव्हेत. अश्लील शिवीला ते शिवीच मानत नाहीत. म्हणतात, त्याला डोकं लागत नाही. 'तुना चुल्हामा मांजर निजो.' म्हणजे तुझी चूल इतकी थंड राहो की तिच्यात मांजर झोपावं. 'तुन्या बिबड्यासवर पानी पडो.' ऐन उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, गच्चीवर वाळत घातलेल्या बाईला ही शिवी किती लागते, हे बिबड्या घातल्याशिवाय कळायचं नाही. अशा हजारावर शिव्या नानांनी बारा वर्षांत गोळा केल्या. प्रत्येक शिवीपुढे गाव, बाईचं नाव, ती कुणाला आणि का दिली, आणि ज्याला दिली त्याचं पुढे काय झालं, हे सगळं नोंदलेलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर चार फोल्डर होते: 'बाजारातल्या', 'सासवा-सुनांच्या', 'जनावरांना दिलेल्या' आणि 'देवाला दिलेल्या'.

आणि यात एक नियम होता, तो इथे नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. शिवी दोन ठिकाणी ठेवायची नाही. त्या देठ खुडणाऱ्या बायकांचाच हा समज. शिवी एका जागी असली तर शब्द, दोन जागी असली तर लागते. त्यामुळे नाना कागदावर लिहून आणलेली शिवी एका बोटाने टाइप करत आणि लगेच तो कागद फाडून चुलीत घालत. गॅस आल्यावर खास त्यासाठी त्यांनी मागच्या अंगणात एक चूल ठेवली होती. मी एकदा म्हणालो, "नाना, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू या, उद्या काही झालं तर?" ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी त्यांच्या घरादाराला शाप द्यायला निघालोय.

अडचण एकच होती. कॉम्प्युटर टेबलावरचा, आणि शिव्या गावांमध्ये. वही घेऊन गावात गेलं की म्हाताऱ्या बिचकायच्या. "काय लिखी ऱ्हायना रे? मनं रेशन बंद करशी का?" वही पाहिली की बाईच्या तोंडून शिवी जाऊन एकदम 'राम राम साहेब' यायचं. मग नानांनी काय करावं? एका सकाळी ते आख्खा कॉम्प्युटर एसटीत घालून शिंदखेड्याच्या बाजूच्या एका खेड्यात घेऊन गेले. मॉनिटर मांडीवर, सीपीयूचा डबा शेजारच्या सीटवर, त्याचंही तिकीट काढलेलं, कीबोर्ड गळ्यात. मी हे अक्काकडून फोनवर ऐकलं तेव्हा जळगावात माझ्या ऑफिसात होतो. गावात गेल्यावर तिथे वीज नाही. ज्या आजीसाठी एवढा खटाटोप केला, ती काळ्या पडद्यात आपलं तोंड पाहत विचारती झाली, "हाऊ टीव्ही कोना शे?" आणि बंद टीव्ही दाखवायला इतक्या लांबून आलेल्या माणसाला तिने जी शिवी दिली, ती नाना परत येईपर्यंत तोंडाने घोकत आले. दिवसभराची कमाई एक शिवी. पण म्हणाले, "असली शिवी पाच वर्षांत मिळाली नाही. आता लॅपटॉप पाहिजे."

इथे मी कथेत येतो. मी जळगावच्या एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे, पिंप्राळ्यात राहतो, आणि सासरच्या सगळ्या नातेवाइकांत 'कॉम्प्युटरवाले' म्हणून ओळखला जातो. माझं ज्ञान म्हणजे मशीन बंद करून पुन्हा चालू करणं. दहांतून सात वेळा तेवढ्याने भागतं आणि उरलेल्या तीन वेळा मी गंभीर चेहरा करतो. मी मुळात कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक जाणकार समजतात, आणि मी तो समज कधी मोडला नाही.

वीस हजारांच्या आत लॅपटॉप बसवायचा होता. शिवाय मध्येच एक भूकंप झाला. नानांना कुणीतरी सांगितलं की तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली विंडोज विकत घेतलेली नाही, विकणाऱ्याने फुकटची नक्कल टाकून दिली आहे. नाना दोन दिवस जेवले नाहीत. "बारा वर्षं मी चोरीच्या भांड्यात दूध ठेवलं!" खरी, विकतची विंडोज टाकलेला नवा लॅपटॉप बजेटच्या बाहेर जात होता. तेव्हा मी, जणू रोजचंच काम असल्यासारखं, म्हणालो, "विंडोजच्या जागी लिनक्स घ्या. फुकट आहे आणि कुणाच्या बापाची नाही." हे मी आदल्या आठवड्यात एका लेखात अर्धं वाचलं होतं. नानांनी मला मिठी मारली. उजवा हात पाठीमागे ठेवून.

मग सुरू झाला शोध. धुळ्यातली तीन आणि जळगावातली चार दुकानं. प्रत्येक दुकानात नाना सांगायचे, लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवा. अर्ध्या तासाने तो उचलून जिथून गरम हवा येते तिथे नाक लावायचे. एका दुकानदाराने घाबरून विचारलं, "काका, चक्कर येतेय का?" नाना म्हणाले, "याला जळक्या भाकरीचा वास आहे. पुढचा दाखव." दुसऱ्या दुकानात त्यांनी नवाकोरा लॅपटॉप हुंगला आणि सटासट तीन वेळा शिंकले. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं चक्क दोन पावलं मागे सरकली. "याच्यात अजून माणूस शिरलेला नाही," हा त्यांचा निर्वाळा. नवं नको, वापरलेलं घ्यायचं, हे त्यावरून ठरलं. पण वापरलेलं घ्यायचं तर आधीचा मालक कोण, त्याने का विकलं, हे कळायला नको? पिंप्राळ्यातल्या एका शिकवणीच्या बाईंचा लॅपटॉप सतरा हजारांना मिळत होता. नाना सरळ त्यांच्या घरी गेले, मी मागे ओशाळून उभा. बाईंना त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा, याच्यावर तुम्ही कधी रडलात का?" बाई आधी हबकल्या. मग म्हणाल्या, "एकदा. निकाल लागला होता तेव्हा." नाना एकदम खूश. "मग हाच!" बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ज्याच्यावर कुणी रडलेलं नाही, त्याच्यावर शिव्या काय लिहायच्या?"

एका रविवारी दुपारी देवपुरात मी त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, आणि आश्चर्य म्हणजे ते चालू झालं. राहिलं काय, तर जुन्या कॉम्प्युटरमधल्या शिव्या इकडे आणायच्या. त्या आल्या की जुना लगेच पुसायचा, कारण शिवी दोन ठिकाणी नको. शिवाय तो डबा दुसऱ्या दिवशी एका दुकानात बदल्यात द्यायचा होता. नाना शेजारी स्टुलावर बसले होते. पडद्यावर चार फोल्डरांची चार चित्रं दिसत होती. मी ती चारही पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतली. दोन सेकंद लागले. आत अक्काने शेवभाजी केली होती, तिचा वास घरभर पसरला होता आणि अक्का हाक मारत होती, "भाकरी थंड होतेय!" नानांनी विचारलं, "बठ्ठं उनं का?"

मी म्हणालो, "हो. सगळं आलं."

आणि मी डिस्क पुसली.

त्या चार चित्रांच्या कोपऱ्यात एकेक बारीक बाण होता. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तसा बाण असला म्हणजे ते फोल्डर नव्हे, फोल्डरकडे जायची नुसती खूण असते. घराच्या दारावरची पाटी. मी पाटी काढून खिशात घातली आणि घर जाळलं. आणि आज पहिल्यांदा लिहितोय: तो बाण मी पाहिला होता. त्याचा अर्थ मला माहीत होता. बारा वर्षांचं काम दोन सेकंदांत कसं येईल, ही शंकाही मनात आली होती. पण मला भूक लागली होती, आणि 'कॉम्प्युटरवाले' चुकत नसतात.

जेवून उठलो. नानांनी लॅपटॉपवर 'बाजारातल्या'वर डाव्या बोटाने टकटक केलं. काही उघडलं नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, जन्मात एवढं अस्खलित बोललो नसेन, म्हणालो, "नवी सिस्टीम जुन्या फायली ओळखत नाही, नाना. या लॅपटॉपला ते झेपत नसेल. वापरलेला आहे ना." धडधडीत खोटं. लिनक्सची चूक नव्हती, लॅपटॉपची नव्हती, त्या शिकवणीच्या बाईंची तर नव्हतीच. दुसऱ्या आठवड्यात मी कुणाला न सांगता त्या बदल्याच्या दुकानात जाऊन आलो. डबा सुटा होऊन कुठे कुठे गेला होता.

नाना चिडले नाहीत, हे मला तेव्हा नशीब वाटलं. ते एवढंच म्हणाले, "पारख माझीच होती. नाक माझं चुकलं."

आणि त्या दिवसापासून त्यांनी वास घेणं सोडलं. मला हे लगेच कळलं नाही. आम्ही जात-येत होतो. ते मला पूर्वीसारखंच 'ये रे, बुरशी आलेल्या लोणच्या' म्हणायचे आणि मी ते खालमानेने घ्यायचो. जे आठवेल ते परत टाइप करत बसायचे. जिने काळ्या पडद्यात तोंड पाहिलं होतं ती आजी मधल्या काळात गेली, तिची शिवी तेवढी त्यांना तोंडपाठ होती. बाकी बऱ्याचशा गेल्या. अशी दीड-दोन वर्षं गेली. मग गेल्या उन्हाळ्यात अक्काचा फोन आला. वर्षाची मिरची भरायची होती. नाना दोंडाईच्याच्या बाजारात गेले आणि दुकानदाराने जी दिली ती पिशवीत घालून परत आले. हुंगली नाही. "दोंडाईच्याचे लोक बघत होते रे त्यांच्याकडे," अक्का म्हणाली. "म्हणतात, माझं नाक खोटं निघालं."

मी रजा टाकून धुळ्याला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी चप्पल न काढताच सगळं सांगितलं. बाण, शेवभाजी, दोन सेकंद, दुकान, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून उभा राहिलो. खानदेशातल्या हजार बायकांनी घडवलेलं ते सगळं भांडार या माणसाच्या जिभेवर होतं, आणि त्यातलं सगळ्यात जहरी जे काही असेल त्याला मी लायक होतो. खरं सांगतो, मला ते हवं होतं.

नाना उठले, आत गेले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग एक लांब श्वास. मग एकामागून एक पाच शिंका. अक्का धावत गेली. आतून नानांचा आवाज आला, "या मिरचीला पाणी मारलंय. दुकानदाराला परत कर." अक्का हसायला लागली, मग रडायला लागली. मी बाहेर तसाच. नाना बाहेर आले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीचं असेल, आणि मला म्हणाले,

"आपण उभे का? बसावं ना. पाणी घेणार?"

बँकेतल्या त्या साहेबांच्या शेजारी मी जाऊन बसलो होतो.

त्याला आता वर्ष होत आलं. मी दर पंधरा दिवसांनी धुळ्याला जातो. 'यावं. प्रवास ठीक झाला ना आपला?' चहा मिळतो, बिस्किटं मिळतात, शिवी मिळत नाही. म्हणून मीच गोळा करू लागलो. पिंप्राळ्याच्या भाजीबाजारात, रिक्षा थांब्यावर, ऑफिसातल्या शिपाईमावशींकडे. मी, जो कुणाशी बोलत नाही, तो आता अनोळखी बायकांना विचारतो, "मावशी, तुमच्याकडे शिव्या कशा देतात?" बायकोला वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. का करतो हे तिला माहीत नव्हतं. आता हे वाचेल. मी आणलेली प्रत्येक शिवी नाना त्याच लॅपटॉपवर डाव्या बोटाने टाइप करतात. गाव, नाव, कारण विचारतात, आणि शेवटी म्हणतात, "आभारी आहे." मी आणलेला कागद मीच चुलीत टाकतो.

गेल्या पंधरवड्यात मी एक नवी घेऊन गेलो. भरिताची वांगी विकणाऱ्या एका अमळनेरकडच्या आजीची. 'तुनं भरीतनं वांगं आतून कच्चं निंघो.' म्हणजे वरून छान काळं भाजलेलं, आणि फोडावं तर आत कच्चं. नानांनी टाइप केलं. बोट थांबलं. शिवीवरून त्यांनी बराच वेळ नजर फिरवली. मग पडद्याकडेच पाहत विचारलं, "कोणाला दिली तिने?"

"मला."

"का?"

"वांगी दाबून दाबून बघत होतो."

नानांनी 'कोणाला' या रकान्यात माझं पूर्ण नाव टाइप केलं. सावकाश, एकेक अक्षर. मग खुर्चीत मागे रेलले आणि त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज नाही, नुसतं पोट. शेवटी म्हणाले, "बाई पारखी आहे. शिवी नेमकी जागेवर पडली."

मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपण चहा घेणार ना?"

मी हो म्हणालो.